माथेरानला गाडी वर जात नाही, आणि जाऊही नये

आज सकाळी आठला गॅसवर चहा होता आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. आमच्याच विंगमधलं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला जाऊन आलं. साहेबांचा अभिप्राय: "एकदम बेकार. गाडी दस्तुरीलाच लावायची, पुढे लाल मातीत तंगडतोड, वर घोड्याच्या लिदीचा वास. एवढी गर्दी होते तर बाजारापर्यंत डांबरी रस्ता करायला काय होतं?" खाली चौदा अंगठे. चौदा!

चहा उतू गेला तो गेलाच.

अहो, गाडी वर जात नाही म्हणूनच ते माथेरान आहे ना? ज्यांना गाडीतून न उतरता डोंगर बघायचाय त्यांच्यासाठी लोणावळा आहे. तिथे शनिवारी घाटात चार तास बसा, खिडकीतून चिक्की घ्या आणि घरी या. अख्ख्या महाराष्ट्रात एक गाव उरलंय जिथे दुपारी रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं तरी मागून हॉर्न वाजत नाही. तेवढंही बघवत नाही का लोकांना?

आम्हीही यंदा तिथेच होतो, भाऊबीज झाल्यावर दोन रात्री. डोंबिवलीहून कर्जत लोकल, नेरळला शेअर टॅक्सी, दस्तुरीला म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावर उतरायचं. नेरळहून वर येणारी छोटी गाडी (टॉय ट्रेन) पावसाळ्यात बंद झाली होती, ती अजून सुरू व्हायची होती. दिवाळी ऑक्टोबरात आली की ही रड असतेच. 1907 साली आदमजी पीरभॉय नावाच्या माणसाने स्वतःच्या खिशातून दोन फुटी रूळ डोंगराला गुंडाळत वर नेले, आणि आपल्याला आजही पाऊस पूर्ण थांबायची वाट बघावी लागते. असो. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून त्याच छोट्या गाडीची शटल होती, पण आम्ही मुद्दाम रुळांच्या कडेने चालत गेलो. जांभळाची आणि अंजनीची झाडं वर एकमेकांत शिरलेली, खाली ओली लाल माती, आणि लेकीचे पांढरे मोजे (मी सांगितलं होतं, घालू नकोस) पंधरा मिनिटांत विटकरी. एक शेकरू दिसलं. तिने मोबाइल काढेपर्यंत ते तीन झाडं पुढे गेलं होतं, आणि मग ती चक्क मोबाइल खिशात ठेवून मान वर करून चालायला लागली. सोळा वर्षांची मुलगी! हे डांबरी रस्त्याने होणार होतं का?

हे सगळं मी ग्रुपवर तावातावाने लिहिलं. दोन मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं: "आणि तिकडे माणसं माणसांना ओढतात, ते चालतं का ताई तुम्हाला?"

मी काही लिहिलं नाही. फोन पालथा घातला आणि ओटा पुसत बसले.

कारण 2019 ची दिवाळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. तिला एकदा माथेरान बघायचंच होतं, बाबांबरोबर लग्नानंतर गेली होती तेव्हाचं. त्या वर्षी पावसाने रूळ खचले होते, शटलसुद्धा बंद. घोड्यावर बसायला ती तयार नव्हती. मग हातरिक्षा. एक माणूस पुढे दांडीत, दोघं मागून ढकलायला. मी भाव केला. शंभर रुपये कमी करून घेतले आणि मनातल्या मनात खूश झाले.

पुढचा माणूस किडकिडीत, केस पांढरे, डोक्याला पिवळा टॉवेल. चढ लागला तसा त्याच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दिसायला लागल्या, सुतळीसारख्या. आई गप्प. मग एकदम म्हणाली, "अहो, तुमचं वय काय?" तो म्हणाला, "साठीच्या आसपास असंल, मावशी." आई तेव्हा अडुसष्टची. म्हणाली, "थांबवा. उतरते मी." तो न थांबता म्हणाला, "मावशी, बसा. तुमी उतरलात तरी गाडी मला वर न्यायचीच हाये. रिकाम्या गाडीचं पैसं कोन देतं?"

आई बसून राहिली. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून, जणू त्यामुळे वजन कमी होणार होतं. आणि मी काय करत होते? पुढे पळत जाऊन फोटो काढत होते. तो फोटो इथेच माझ्या फेसबुकच्या भिंतीवर आहे, खाली तुमच्यापैकीच बऱ्याच जणांचं "काकू एकदम महाराणी!" असंही आहे.

म्हणजे साहेबांचा प्रश्न बरोबर आहे. घ्या, मान्य. ज्या शांततेचं मी एवढं कौतुक करते ती कुणाच्या तरी छातीच्या भात्यावर चालत होती. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढला आणि त्याला जागा आवडली. मग साहेब लोक पालखीत बसून वर यायला लागले. पालखी वाहणारे कोण होते, त्यांची नावं कुठल्या पॉइंटला दिलेली नाहीत. पॉइंट बघावेत तर लुईझा, अलेक्झांडर आणि गार्बट. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल याच गावात 1912 साली जन्मले, सिद्धगडावर लढता लढता गेले. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, हे कुठे लिहिलेलं का नाही?" तिथे कुठे लिहिलंय की नाही ते मीही कधी धड शोधलं नव्हतं. मी आपली सनसेटची वेळ बघत होते.

पण म्हणून डांबरी रस्ता? हा कुठला न्याय? ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलंय: सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, त्याच माणसांना ई-रिक्षा भाड्याने द्या, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका. त्यात कुठेही असं नाही की डोंबिवलीच्या साहेबांची एसयूव्ही बाजारात आणा. रिक्षावाल्याचा कळवळा यांना कधी आला? स्वतःच्या दोन बॅगा उचलाव्या लागल्या तेव्हा! वर्षानुवर्षं तीच माणसं ई-रिक्षा मागत होती तेव्हा कुठे होता हा कळवळा?

(माझा तरी कुठे होता म्हणा.)

ई-रिक्षेबद्दल मीही नाक मुरडलं होतं, हे इथे कबूल करते. आज ई-रिक्षा, उद्या टेम्पो, परवा मॉल, असं मीच दोन-तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. भीती अजून आहे. लाल मातीच्या रस्त्यावर टाकलेले पेव्हर ब्लॉक बघून पोटात गोळा येतो. घोडेवाले सांगतात घोडे घसरतात त्यावर, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न वेगळाच. गावातल्या लोकांना गॅसच्या सिलिंडरपासून सगळं वर न्यायला जादा पैसे मोजावे लागतात, रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं तर काय, हेही खरं आहे. मी दोन रात्री राहून येणार आणि त्यांनी मात्र माझ्यासाठी 1907 मध्ये राहायचं, हे मला शोभत नाही. पण दस्तुरीचा नाका पुढे सरकला तर संपलं. एकदा सरकला की तो मागे येत नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही कल्याण-शिळ रोड बघितलाय.

यंदा ई-रिक्षेत बसलेली एक आजी बघितली. मांडीवर पिशवी, पिशवीत चपलांचा नवा जोड, आणि चेहरा अगदी निवांत. चालवणारा माणूस तिच्याशी गप्पा मारत होता. चढावर! त्याला बोलायला श्वास होता. मी बाजूला उभी राहून वाट दिली, आणि उगाच डोळे भरून आले. नवऱ्याला सांगितलं, धूळ गेली.

आई यंदा आली नाही. "मी नाही बसायची त्यात" म्हणाली. मी म्हटलं, अगं आता बॅटरीवाल्या आहेत. तरी नाही. परत आल्यावर चिक्की आणि मध द्यायला गेले, तर चिक्की बाजूला ठेवून तिने पहिलं विचारलं, "तो भेटला का गं?"

"कोण?"

"पिवळा टॉवेल. त्याला मिळाली का ती बॅटरीची?"

सहा वर्षं झाली. तिने बाबांबरोबरच्या माथेरानबद्दल एक शब्द काढला नाही. मी म्हटलं, एवढ्या लोकांत कसा सापडणार? तर म्हणाली, "नाव विचारलं होतंस तेव्हा?"

सोसायटीच्या ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही. तिथे आता पाण्याच्या टाकीवरून भांडण चालू झालंय. उद्या आमच्या लॉजवाल्या काकांना फोन करणार आहे, त्यांना त्या सगळ्यांची घरं माहीत आहेत. सांगायला माझ्याकडे एवढंच आहे: तिघं होते, पुढचा किडकिडीत, तेव्हा साठीचा, डोक्याला पिवळा टॉवेल. फोटोत तो आलेला नाही. आईचा चेहरा नीट यावा म्हणून मी कापला होता. दांडीवरचे हात आहेत फक्त.