पाळणाघर मालकाच्या दारात नको, वस्तीत हवं

पाळणाघराचा कायदा आपल्याकडे आहे, आणि कागदावर तो चांगलाही आहे. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. भरपगारी रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊन येण्याची मुभाही त्यात आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा 50चाच ठेवलाय.

आता हा कायदा कुणाला लागू होतो ते बघा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंना मालक चार, आणि त्यातला एकही 50 माणसांचा नाही. भाजीवाली, शेतमजूर, पार्लरमधली मुलगी, बारा जणांच्या ऑफिसात हिशेब लिहिणारी अकाउंटंट, सगळ्या बाहेर. मोठ्या कंपन्यांतल्या मैत्रिणींना तरी पाळणाघर कुठे दिसतं? मी विचारते तेव्हा बहुतेक जणी हसतात.

मला वाटतं, आपण ही सोय चुकीच्या जागी बांधून ठेवली आहे. 1948च्या कारखाने कायद्यात अट होती 30 पेक्षा जास्त बायका कामावर असण्याची. 1996च्या बांधकाम कामगार कायद्यात 50 पेक्षा जास्त बायका. म्हणजे बायकांची संख्या अटीच्या आत ठेवली की मालक सुटला. बाळाचा खर्च बाईला कामावर घेण्याच्या खर्चात धरला, की नुकसान बाईचंच होतं. ज्यांनी कामावरून यायची वेळ मोजून सांगितलीय आणि मुलाखतीत 'लहान मूल आहे का' हा प्रश्न ऐकलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंची धाकटी दीड वर्षाची आहे. तिला सांभाळते थोरली, जी चौथीत आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिची शाळा बुडते. ताई सकाळी भात आणि वरण एका डब्यात कालवून ठेवतात, ते दुपारपर्यंत घट्ट होतं, मग थोरली त्यात पाणी घालून भरवते. धाकटी वजनात मागे आहे. अंगणवाडीच्या वहीत तिचं नाव आहे, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटंही मिळतात. पण पाकीट भरवायला दिवसा घरात मोठं माणूस नाही.

ऊसतोडीत हेच चित्र अजून उघडंनागडं दिसतं. दसरा झाला की बीड आणि आजूबाजूच्या भागातून जोडपी मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक 'कोयता', हिशेब त्याच एककात. त्यामुळे बाईनं मुलाजवळ थांबायचं म्हटलं तर कोयताच मोडतो. मूल गावच्या अंगणवाडीच्या पटावर, आणि प्रत्यक्षात कारखान्याच्या पट्ट्यात, खोपीत नाहीतर उसाच्या फडाच्या बांधावर झोळीत. रोजगार हमीच्या कायद्यात निदान विचार तरी झाला होता: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, तिला मजुरी द्यायची. कर्नाटकानं 2023 मध्ये ते पुढे नेलं. 'कूसिना मने' या नावानं ग्रामपंचायत पातळीवर पाळणाघरं सुरू करायची योजना आणली.

आपल्याला नव्यानं काही शोधावं लागणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांत जाऊन अंगणात वाडी भरवली. 1975 साली एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि आज वस्तीवस्तीला अंगणवाडी आहे. फक्त ती काही तासांची आहे, आणि रोज बसायला येतात ती तीन वर्षांवरची मुलं. 26 आठवड्यांची रजा संपते तिथून तिसऱ्या वाढदिवसापर्यंतचं मूल सरकारसाठी म्हणजे एक पाकीट आणि एक वजन. नेमकं याच वयात त्याला सर्वांत जास्त माणूस लागतं.

केंद्राची 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. दिशा बरोबर आहे. देशभरात 17,000 अंगणवाड्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, जे देशाच्या मानाने फारच तुटपुंजं आहे. त्याआधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना फक्त 20 रुपये फी. ताईंना हे परवडलं असतं. पण तिथे मुलं सांभाळणाऱ्या बाईला मानधन महिना 3000 रुपये आणि मदतनिसाला 1500. आईला परवडावं म्हणून दुसऱ्या बाईला उपाशी ठेवायचं, हे मला मान्य नाही.

आणि दर्जाचा प्रश्न इथेच आहे. दीड वर्षाच्या मुलाला रांगेत बसवून बडबडगीत शिकवता येत नाही. त्याला भरवायला लागतं, लंगोट बदलायला लागतो, रडलं की उचलून घ्यायला लागतं. एका बाईच्या हाताखाली वीस तान्ही दिली तर कितीही मायाळू बाई असली तरी ती फक्त राखण करणार. आजची अंगणवाडी सेविका ॲपवर माहिती भरते, वजनं घेते, गृहभेटी करते, सर्वेक्षणाला जुंपली जाते. डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस 52 दिवस संपावर होत्या, त्या हौसेनं नव्हे. तिच्याच डोक्यावर आणखी चार तास टाकून 'पूर्णवेळ पाळणाघर' अशी पाटी लावू नका. तान्ह्यांसाठी वेगळी, शिकवून तयार केलेली माणसं नेमा, आणि त्यांना मानधन नको, पगार द्या.

लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार रुपये येतात, त्याला माझा अजिबात विरोध नाही. ताईंच्या घरात त्यातून गॅस येतो. पण पुण्यात दिवसभराच्या खाजगी पाळणाघराची फी त्यात बसत नाही. आणि बसली असती तरी त्यांच्या वस्तीत पाळणाघरच नाही. मुंबईत मोबाईल क्रेशेस 1972 पासून आणि पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस या संस्था बांधकामांवर जाऊन हे काम करतात. मोठं काम आहे. तरी एखाद्या मुलाला सावली मिळणार की नाही, हे बिल्डरच्या मर्जीवर आणि देणग्यांवर का ठरावं?

माझी मागणी साधी आहे. मालकांकडून उपकर घ्या, कामावर बायका किती हे न बघता घ्या, आणि त्या पैशातून वस्तीतली अंगणवाडी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालवा. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर तीच सोय उभी करा, त्या मुलाचं नाव गावाच्या पटावरून तिथल्या पटावर आपोआप जाऊ द्या. सुरुवात शंभर वस्त्यांतून केली तरी चालेल, पण वेळा, जागा आणि माणसं ठरवताना आधी सेविकांना विचारा. त्यांना कुठल्या घरात कोण कुणाला सांभाळतंय हे आत्ताच तोंडपाठ आहे.