एमजीबीचा मागचा अ‍ॅक्सल गळतोय? आधी ब्रीदर बघा

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींत एक सल्ला सारखा फिरतो: ‘जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार गळणारच, गळत नसेल तर तेल संपलंय समजा. सील (फिरत्या दांड्याभोवतीचं तेल अडवणारं रबर) बदला, तरी नाही थांबलं तर 140 नंबरचं जाड तेल ओता.’ ‘तेल संपलंय’ हा विनोद म्हणून सोडून देऊ. बाकीच्यावर भरवसा ठेवून एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मागचे ब्रेक घालवणारे बरेच आहेत.

‘गळणारच’ का म्हणून? अ‍ॅक्सल म्हणजे मागची चाकं फिरवणारा, आत तेल असलेला आडवा भाग. सुरुवातीच्या रोडस्टरला (उघड्या एमजीबीला) बँजो अ‍ॅक्सल होता. 1965 मध्ये आलेल्या जीटीला (बंद छताच्या एमजीबीला), आणि पुढे रोडस्टरलाही, वेगळ्या बांधणीचा ट्यूब अ‍ॅक्सल बसला. या ट्यूब अ‍ॅक्सलमध्ये तेल मावतं जेमतेम 0.85 लिटर. त्यातलं रोज थोडं फरशीवर गेलं तर क्राऊन-पिनियनच्या (चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीच्या) वाट्याला काय उरणार?

‘सील बदला.’ थांबा. चाकाच्या आतून ओल आली म्हणजे ती अ‍ॅक्सलचीच, हे कोणी ठरवलं? चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडरही गळतो. बोटावर घेऊन वास घ्या: गियर ऑईलला गंधकाचा उग्र दर्प असतो आणि ते पाण्यात मिसळत नाही. नेहमीचं ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं आणि रंगही खातं.

अ‍ॅक्सलचंच असेल तर हाऊसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या कवचाच्या) वरच्या बाजूचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, बघा. एवढासा तुकडा, त्यावर वर्षानुवर्षांचा चिखल, आणि कोणी हौसेने मारलेला अंडरकोटचा (गाडीच्या पोटाला लावायच्या रंगाचा) थर. गाडी पळाली की आतलं तेल आणि हवा तापते. 20 अंशांवरून 80 वर गेली आणि हवेला वाट नसेल, तर दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो, म्हणजे जवळपास 3 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). हे सील तेल अडवायला असतात, दाब धरायला नाही. मग नवाकोरा सीलही महिन्याभरात ओला होतो आणि दोष सील विकणाऱ्याला. ब्रीदर काढून पेट्रोलने धुवायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी ते सुचवत नाही.

तेलाच्या पातळीचंही तेच. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल, पण गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना. एकच बाजू जॅकवर चढवून भरलं तर पातळी खोटी ठरते.

ब्रीदर साफ, पातळी बरोबर, तरी गळतंय? आता सील काढा, पण जिथे त्याचा ओठ (आतली कड) घासतो ती जागा नखाने चाचपा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय आणि नवा सील त्याच चरावर बसून गळणार. सील ज्यावर घासतो ती कॉलर बदला, किंवा पिनियनच्या फ्लँजवर (जोडणीच्या चकतीवर) पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. बँजोच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) कागदी गॅस्केट जाड कापून बसवलं तर वेगळीच गंमत होते: बेअरिंग पुरतं दाबलं जात नाही, हब हलतो आणि सील झिजतो.

पिनियनच्या सीलबाबत मात्र हात आखडता घ्या. ट्यूब अ‍ॅक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगमध्ये चेपला जाणारा स्पेसर (अंतर राखणारी नळी) आहे. ‘घट्ट आवळ’ म्हणत नट पिळला की बेअरिंगवर नको तेवढा ताण येतो, आणि एकदा चेपलेला स्पेसर पुन्हा फुगत नाही. नट सोडण्याआधी त्याच्यावर आणि शाफ्टवर खूण करा, पिनियन फिरवायला किती जोर लागतो तेही मोजून ठेवा.

राहिलं 140 नंबरचं तेल. चर काही ते बुजवत नाही. उलट थंडीत ते पिनियनच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. गळती थांबवणारी रसायनं रबर फुगवतात, तेवढ्यापुरती. तोवर ड्रममध्ये तेल उतरलेलं असतं, एका चाकाचे ब्रेक लागतात, दुसऱ्याचे घसरतात, आणि हँडब्रेकही त्याच शूंवर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांवर). तेल प्यालेले शू पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. तापले की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांचे शू नवे घाला.