समीक्षकांचे मनःपूर्वक आभार

पेपर छापून आला. शेवटी आभार मानलेत: 'निनावी समीक्षकांच्या मौलिक सूचनांमुळे लेखाचा दर्जा उंचावला.' तो निनावी समीक्षक मी. आणि माझी मौलिक सूचना अशी होती की मुख्य प्रमेयच चूक आहे.

विषय जुना. ऑपरेटर म्हणजे एका स्पेसमधून दुसरीत नेणारं रेषीय रूपांतर, आणि रँक म्हणजे त्याच्या प्रतिमेची मिती. ऑपरेटरचा एन-वा अप्रॉक्सिमेशन नंबर म्हणजे एनपेक्षा कमी रँकच्या ऑपरेटरांपासून त्याचं अंतर. हे नंबर ओळीने लिहायचे आणि ती सिक्वेन्स एल-पी स्पेसमध्ये बसते का (म्हणजे पदांच्या पी-व्या घातांची बेरीज सांत आहे का) ते बघायचं, हे जर्मन गणिती पीच यांनी १९६३ साली केलं. तेव्हापासून एल-पी काढा, सिक्वेन्सची दुसरी स्पेस घाला आणि पेपर पाडा, असा उद्योग जोरात आहे: सेझारो, ऑर्लिझ, फिबोनाची, ल्युकास. (सेझारोत पी म्हणजे १ घेतलं तर शून्याशिवाय काही उरत नाही. तरीही 'पी किमान १' असं लिहिणारे भेटतात.)

मुख्य प्रमेय दर वेळी तेच: ज्यांचे नंबर त्या स्पेसमध्ये बसतात अशा ऑपरेटरांचा वर्ग आयडियल असतो, म्हणजे निदान वर्गातल्या दोघांची बेरीज वर्गातच राहते. त्यासाठी स्पेस कुठलीही घ्या, पण एकक सदिश (एका जागी १, बाकी शून्य) आत हवेत, आतल्या सिक्वेन्सपेक्षा लहान असलेलीही आत हवी, आणि प्रत्येक पद दोनदा लिहिलं तरी सिक्वेन्स बाहेर पडता कामा नये. ही तिसरी अट शोभेची नाही. दोन ऑपरेटरांच्या बेरजेच्या जवळ जायला पहिल्यावर एन वजा एक रँक खर्च होते, दुसऱ्यावर तेवढीच. म्हणून दोघांचे एन-वे नंबर मिळून बेरजेच्या फक्त (२एन − १)-व्या नंबरावर लगाम बसतो. मधल्या जागा भरायला पदं दुप्पट करावीच लागतात.

या लेखकांच्या स्पेसमध्ये पदांना २, ४, ८, १६ असे गुणक लावून बेरीज सांत हवी होती. तिसऱ्या अटीची सिद्धता एका शब्दात उरकलेली: 'स्पष्टपणे'.

कसं काय, असं विचारलं. उत्तर आलं: "समीक्षकांच्या मर्मग्राही निरीक्षणाबद्दल आम्ही ऋणी आहोत. 'स्पष्टपणे' काढून तेथे 'हे सहज दिसून येते' असे केले आहे."

मग उदाहरणच पाठवलं. १/३, १/९, १/२७ अशी सिक्वेन्स घ्या. गुणक लावले की २/३, ४/९, ८/२७, बेरीज २. आता पदं दोनदा लिहा: १/३, १/३, १/९, १/९. गुणक लावल्यावर पहिल्या जोडीतच २/३ अधिक ४/३, म्हणजे २ संपले, आणि पुढची प्रत्येक जोडी आधीच्या ४/३ पट, म्हणजे बेरीज अनंत. ऑपरेटर हवेत? एल-२ वर सम जागी ही पदं बसवलेला एक कर्ण ऑपरेटर (प्रत्येक जागेला तिथल्या संख्येने गुणणारा), विषम जागी दुसरा. दोघेही वर्गात, बेरीज वर्गाबाहेर. मग आयडियल कसलं डोंबलाचं?

"उदाहरण अत्यंत रोचक आहे. तथापि सम व विषम जागा वेगळ्या करणे काहीसे कृत्रिम वाटते. आमचा रोख नैसर्गिक ऑपरेटरांवर आहे. तसेच समीक्षकांच्या सूचनेनुसार प्रस्तावनेतील स्वल्पविराम सुधारले आहेत."

स्वल्पविरामांबद्दल माझ्या अहवालात अक्षर नव्हतं.

शिवाय प्रत्येक कॉम्पॅक्ट ऑपरेटरचे हे नंबर शून्याकडे जातात, असंही ठोकून दिलेलं. हिल्बर्ट स्पेसमध्ये, म्हणजे जिथे लांबीबरोबर कोनही मोजता येतो तिथे, जातात. नुसती लांबी असलेल्या बानाख स्पेसमध्ये जातीलच असं नाही, हे स्वीडिश गणिती एन्फ्लो यांनी दाखवून अर्धं शतक उलटलं. त्याच्याशी जोडलेला प्रश्न पोलिश गणिती मझूर यांनी १९३६ साली तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या ल्वूवच्या स्कॉटिश कॅफेतल्या, गणिती प्रश्न लिहून ठेवायच्या वहीत लिहिला होता, प्रश्न १५३, बक्षीस जिवंत हंस. १९७२ साली वॉर्सात एन्फ्लोंना तो खरोखर मिळाला. (खायचा हंस, सरस्वतीचा नव्हे.) ही सगळी हकिगत मी अहवालात सविस्तर लिहिली. परिणाम एवढाच की 'सर्व बानाख स्पेस'चं 'सर्व योग्य बानाख स्पेस' झालं. योग्य म्हणजे कोणत्या, हे वाचकाने ठरवायचं.

संपादकांनी दुसऱ्या समीक्षकाचं ऐकलं. त्याचा अहवाल दोन ओळींचा: निकाल नवे आहेत, भाषा तपासावी. फुकट काम करायचं, कागद काळे करायचे, आणि वजन त्या दोन ओळींना. वर मला सर्टिफिकेट आलं, नावाचं स्पेलिंग चुकवून. हा पेपर आता कुणीतरी उद्धृत करणार, त्यावर कुणाचा तरी प्रबंध उभा राहणार, आणि तो तपासायलाही असाच कुणीतरी फुकटा शोधणार.

काल त्याच लेखकांचा पुढचा पेपर समीक्षेला आला. गुणक आता ३, ९, २७. तिसरी अट 'वरीलप्रमाणे'. या वेळी १/४, १/१६, १/६४ घेतले की काम होतं: गुणक लावून बेरीज ३, आणि दुप्पट केल्यावर पहिल्या जोडीचेच ३.