माशाच्या तेलाची गोळी म्हणजे ‘रिझॉल्विन’ नव्हे

‘शरीरातली जुनाट सूज उतरवणारे नैसर्गिक रेणू सापडले, माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्या, संधिवाताची औषधं सोडा’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, दुसरं मात्र घातक.

सूज आपोआप विझत नाही, तिला विझवावं लागतं. त्यासाठी शरीर मेदाम्लांपासून, म्हणजे चरबीच्या घटकांपासून, लिपॉक्सिन, रिझॉल्विन असे रेणू बनवतं. ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची सुजेच्या जागी होणारी नवी भरती रोखतात आणि मेलेल्या पेशी गिळायला मॅक्रोफेज या भक्षक पेशींना कामाला लावतात. लिपॉक्सिनचा शोध १९८४चा. गंमत म्हणजे ती बनतात अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून, म्हणजे ज्याला हेच मेसेज खलनायक ठरवतात त्या ओमेगा-६ गटातल्या मेदाम्लापासून!

हे रेणू अत्यल्प मात्रेत काम करतात आणि लवकर नष्टही होतात. माणसाच्या रक्तातली त्यांची मोजणी कितपत भरवशाची, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. १००० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत साधारण ३०० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं असतात. तो रिझॉल्विनचा कच्चा माल. त्यातून ते किती बनेल, हे गोळीवर लिहिलेलं नसतं.

संधिवातात माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेने वेदना थोड्या कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे, पण नेहमीच्या औषधांच्या जोडीने. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध मनाने बंद केलं तर सांध्यांची झीज पुढे सरकते आणि ती भरून येत नाही. शिवाय या तेलाच्या मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही वाढतो.