'पोट भरलेल्यांनाच करुणा सुचते': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. नावाच्या जागी नुसतं 'एक कोकणी'. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पैशापेक्षा माणसाच्या कळवळ्याला मोल देणारा समाज असू शकतो, त्याची खूण मी रापणीच्या दोरीवर पाहिली, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा भाबडेपणा आहे. कोकण मुंबईच्या पगारावर जगलं, जुन्या गावात करुणा नव्हती तर खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी होती, दवाखान्याचं बिल करुणेने भागत नाही. आणि शेवटचं वाक्य: 'लेखकमहाशय, पोट भरलेल्यांनाच करुणा सुचते.'

आधी माझी चूक. गिरणी संप 1981 साली झाला असं मी लिहिलं होतं. तो 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. तुम्ही दाखवून दिलंत, मी दुरुस्त केलं, आभार.

पण हे 'लेखकमहाशय' कशाला? मतभेद असावेत, मला चालतात. इथे लोक भांडतात आणि पुन्हा येतात. तुम्ही मात्र मुद्दा मांडण्याआधीच मला खुर्चीत बसवून, पंखा लावून, पोटभर जेवू घालून मोकळे झालात. माझं पोट केव्हा भरलेलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

माझे वडील गिरणीत होते. अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यातले एक. महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर बंद झाली. पोस्टमन आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत यायचा आणि न थांबता पुढे जायचा. आई तेवढ्या वेळापुरती मागीलदारी जाऊन बसायची. गणपतीला वडील आले ते ट्रंक घेऊनच. मी चौथीत होतो. रात्री पेज, आणि पेजेत शितं शोधावी लागत.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर किनाऱ्यावर रापण लागली तेव्हा वडील मला घेऊन दोरी ओढायला गेले. दोरी ओली, खारट, वाळूने भरलेली. तळहात सोलवटून निघतात. जाळं काठाला आलं, पेडव्यांचा, त्या लहान मासळीचा, ढीग पडला. वाटे घालायला एक म्हातारे रापणकर बसले होते. आमच्या वाड्यातली एक विधवा, कंबर मोडलेली, काठी टेकत आली होती. तिने दोरीच्या शेपटाला नुसता हात लावला होता, ओढण्याची ताकदच नव्हती. म्हाताऱ्याने तिच्या पाटीत आमच्याएवढेच पेडवे घातले. मी पोरसवदा, बोलून गेलो की हिने ओढलं कुठे? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोरयेक हात लायल्यान मां? झाला तर."

त्या माणसाच्या घरी तेव्हा खाणारी सहा तोंडं होती आणि छपराला झापं बदलायची राहिली होती. त्याचं पोट भरलेलं होतं का, सांगा.

तुम्ही म्हणाल, जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा असतो, सगळं सारखं वाटत नाहीत. ठाऊक आहे. मी वाट्याचा हिशेब सांगत नव्हतो. हिशेब करणाऱ्याचा हात कुणाकडे वळतो, ते सांगत होतो. भुकेलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक लवकर कळते, हे मी माझ्या आईकडून शिकलो. त्याच दिवशी तिने त्या पेडव्यांतले मूठभर शेजारी धाडले, कारण त्यांच्याकडून कुणी ओढायला गेलं नव्हतं. संध्याकाळी तिकडून शेरभर उकडे तांदूळ आले. कुणी मागितले नव्हते. हे ज्याने पाहिलंय त्याला तुमचं ते वाक्य टोचणारच, आणि मला टोचलं, हे लपवत नाही.

मुंबईच्या पगाराने कोकण जगलं हे खरंच. आमचंही घर त्यावरच चालत होतं. पण तो पगार थांबला तेव्हा कोण जगवत होतं, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

खोतीचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत. तर ऐका: अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. लाकडं तोडून विकली, पण एकमेकांना सोडलं नाही. ती पोट भरलेली माणसं होती? बाकी खोती हा वेगळा विषय आहे, तो इथे ओढू नका. दवाखान्याच्या बिलाचंही तसंच.

आणि पैसा पहिला ठेवला की काय होतं ते बघायचं असेल तर मालवणच्या किनाऱ्यावर या. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं वापरणाऱ्यांनी, खोल पाण्यातच मासळी वेढायला घेतली तेव्हा रापणीचं जाळं रिकामं येऊ लागलं. सरकारला 2016 मध्ये निर्बंध घालावे लागले, 2017 मध्ये एलईडीच्या प्रकाशातल्या मासेमारीवर बंदी आली. तरी भांडण मिटलेलं नाही. त्या मोठ्या जाळ्याला दोरीच्या शेपटाशी उभं राहायला जागाच नसते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नाव लिहा, आणि कुठल्या गावचे तेही. मग मी तुम्हाला 'एक कोकणी' म्हणणार नाही, आणि तुम्ही मला महाशय म्हणू नका.