पाणी न पिता टेनिस? आधी जळगावात एक मे महिना काढा

परवा दुपारी बाराला भाचा कोर्टाच्या कडेला निंबाखाली बसलेला सापडला. ओठ पांढरे, चेहरा लालबुंद, हात थरथरतोय. शेजारी पाण्याची बाटली, तिचं सीलही तोडलेलं नाही. "पाणी का नाही पीत रे?" तर म्हणे, "मामा, स्टॅमिना वाढवी राहिलो ना."

घरी आणून वजनकाट्यावर उभा केला. सकाळी 61.8 किलो होता, आता 60.1. दीड तासात जवळजवळ पावणेदोन किलो घाम.

हे ज्ञान आलं कुठून, तर घरच्याच ग्रुपवरून. 'टेनिस सुधारण्याचे पाच गुरुमंत्र'. पाठवणारे नाना. नानांनी आयुष्यात हातात धरलेली एकमेव रॅकेट डास मारायची. मंत्र असे: भर उन्हात, पाणी न पिता खेळा. ताकदीसाठी मोठ्या खेळाडूंसारखी जड रॅकेट घ्या आणि गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, घट्ट करा. मध्ये केळं खाऊ नका. क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका फटका, भित्र्यांचा; लाइनवर, म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ, मारा. रोज भिंतीवर सराव करा.

पहिल्या मंत्राने माझं डोकं फिरलं. पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं, हृदय जोरात धडधडतं आणि घाम येणंही कमी होतं. म्हणजे अंग थंड ठेवायची सोयच बंद. घामाने वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं की खेळ ढासळायला लागतो. आमचं पोरगं पावणेतीनवर पोचलं होतं. त्याची सर्व्हिस नेटमध्ये का जात होती हे त्याला अजून कळलेलं नाही, तो म्हणतो टॉस, म्हणजे बॉल वर उडवणं, चुकत होता.

एक अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. उन्हाची सवय होते. रोज थोडं थोडं खेळलं तर दहा-चौदा दिवसांत शरीर लवकर आणि जास्त घाम गाळायला शिकतं. पण ते शिकतं पाणी पिऊन. तहानेची सवय कुणालाच होत नाही.

आणि ज्यांचं नाव घेऊन हे मेसेज फिरतात, ते मोठे खेळाडू काय करतात? 2014 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पारा 42 च्या आसपास गेला तेव्हा कॅनडाचा फ्रँक डॅन्सेविच सामना चालू असताना बेशुद्ध पडला. पडण्याआधी आपल्याला स्नूपी, म्हणजे कार्टूनमधला कुत्रा, दिसला असं त्यानेच सांगितलं. 2019 पासून तिथे उष्णतेची 1 ते 5 अशी पट्टीच केली आहे. ऊन, सावलीतलं तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा, चारही धरून. आकडा 4 झाला की सामन्यात 10 मिनिटांची जादा विश्रांती, 5 झाला की खेळ बंद. ज्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि बर्फाचे टॉवेल, ते थांबतात. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर मे महिन्यात बुटाचा तळवा चटका देतो, आणि आम्ही म्हणे बाटली बंद ठेवायची! बाजू बदलताना 90 सेकंद मिळतात, ते दोन घोट घ्यायलाच. लांब खेळायचं असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

गटिंगचं तर सरळ उलटं आहे. तारा घट्ट केल्या की त्या कमी ताणल्या जातात आणि बॉलला कमी उसळी देतात. ताकद हवी तर गटिंग सैल करा. जड रॅकेट धक्का सोसते हे खरं, पण ती वेळेवर फिरवता आली तर. उशीर झाला की सगळा भार मनगटावर आणि कोपरावर. मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका, आणि चहाचा कपही डाव्या हाताने. हौशी माणसाला 300 ग्रॅमच्या आसपासची पुरते.

केळ्याबद्दल जळगावच्या माणसाला सांगताय? 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे आमच्या केळीला. विम्बल्डनमध्येही खेळाडू बाजू बदलताना केळंच सोलतात. पुढे चला.

क्रॉसकोर्ट भित्र्यांचा असेल तर असू द्या, हिशेब बघा. नेट मध्यावर, जिथून तिरका बॉल जातो, 3 फूट उंच, खांबाशी साडेतीन. कोर्टाची लांबी 78 फूट, पण सिंगल्समध्ये कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत साडेब्याऐंशी. म्हणजे नेट सहा इंचांनी खाली आणि बॉल पडायला साडेचार फूट जास्त जागा. आपल्यासारख्यांचे बहुतेक पॉइंट आपल्याच चुकीने जातात, त्यात ही सवलत कोण सोडतो? लाइनवर मारा, पण समोरचा कोर्टाबाहेर ओढला गेल्यावर.

भिंतीचा मंत्र मात्र बरोबर आहे. बॉल लवकर परत येतो, त्यामुळे पाय हलवावे लागतात आणि रॅकेट आधीच मागे न्यावी लागते. भाच्याला मी तेवढं ठेवायला सांगितलंय. वेळ सकाळी साडेसहा, आणि उभं राहायचं भिंतीच्या पश्चिमेला, तिथे सावली असते.