गोळी लागली नाही, मग अपंगत्व कसले?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एका भावाने एक मेसेज टाकला. 'कडू आहे पण खरे आहे' अशी सुरुवात, खाली चार मुद्दे. सैनिकाने पगार घेऊन नोकरी केली, त्यामुळे देशाचे त्याला काही देणे लागत नाही. चाळिशीच्या आत तो पेन्शन घेऊन घरी बसतो. अंगाला गोळी लागलेली नसतानाही कान, बीपी, डोके अशी कारणे पुढे करून अपंगत्वाची पेन्शन उकळतो. आणि या पेन्शनीपायी शस्त्रे घ्यायला पैसे उरत नाहीत.

त्याच ग्रुपवर माझा मामा आहे. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, 1999 ला कारगिलच्या लढाईत तोफेवर होता. फोनवरचे बोलणे त्याला ऐकू येत नाही, म्हणून ग्रुपवर आलेले प्रत्येक अक्षर तो वाचतो. हेही त्याने वाचले. कुणाला काही बोलला नाही. मला मात्र गप्प बसवत नाही.

आधी तिसरा मुद्दा घेते, कारण सगळ्यात जास्त विष त्यात आहे. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. ती आपोआप उडाली नाहीत. कुणीतरी गोळा उचलला, तोफेत भरला आणि आवाज झाला तेव्हा तिथेच उभा राहिला, मग लगेच पुढचा गोळा उचलायला वळला. कानाच्या आतल्या बाजूला केसांसारख्या बारीक पेशी असतात. अशा धमाक्यांनी त्या मरतात आणि माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. यात रक्त येत नाही की व्रण राहत नाही. फोटो काढून दाखवण्यासारखे काहीच नसते. तरी निवृत्तीच्या वेळी मामाच्या मेडिकल बोर्डाने, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या समितीने, कागदावर लिहिले की बहिरेपणाचा सेवेशी संबंध नाही. तोफेवर आयुष्य काढलेल्या माणसाचे कान गेले, आणि म्हणे सेवेशी संबंध नाही! त्या एका वाक्याने अपंगत्वाची पेन्शन अडते. ते खोडायला त्याला ट्रायब्युनलपर्यंत, म्हणजे सैनिकांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापर्यंत, जावे लागले. वकिलाची फी आणि तारखांना जाण्यायेण्याचा खर्च पेन्शनीतूनच गेला. 'उकळणे' म्हणतात ते हेच का?

सियाचिनवर 1984 पासून आपले सैनिक उभे आहेत. तिथे शत्रूच्या गोळीने जेवढे गेले त्याहून जास्त थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने नेले. त्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरते, रक्त दाट होते, गुठळ्या होतात, हिमदंशाने बोटे कापावी लागतात. यांतल्या कुणालाही गोळी लागलेली नसते.

आणि 'डोके'. मेसेजमधला नेमका शब्द होता 'डोक्याची नाटके'. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचेही साधारण हेच मत होते. खंदकात तोफांचा मारा सोसून ज्यांचे हातपाय थरथरत, वाचा जात असे, त्यांतल्या कित्येकांना भित्रे ठरवले गेले. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिशांनी आपलेच सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांपैकी 306 जणांना ब्रिटिश सरकारने 2006 मध्ये माफी दिली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. या आजाराला, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणाऱ्या आघाताला, आज पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव 1980 मध्ये आले, व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी ते लावून धरले म्हणून. रात्री दचकून उठणारा, दिवाळीतल्या एका फटाक्याने घामाघूम होणारा माणूस नाटक करत नसतो. त्याच्या घरात एक दिवस राहून बघा.

आता कायदा काय म्हणतो ते. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, जुलै 2013. हा एक निकाल वाचला असता तरी तो मेसेज कुणी पुढे पाठवला नसता. 1985 मध्ये भरती झालेला हा शिपाई फिट (आकडी) येऊ लागल्यामुळे 1994 मध्ये बोर्ड आऊट झाला, म्हणजे आजारपणामुळे सेवेतून घरी पाठवला गेला. बोर्डाने लिहिले की आजार त्याच्या प्रकृतीतलाच आहे, सेवेमुळे झालेला नाही. पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाने नियम उलगडून सांगितले. भरतीच्या वेळी तुम्हीच त्याला तपासून धडधाकट म्हणून घेतले. त्या वेळच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर नंतर झालेला आजार सेवेमुळेच झाला असे धरायचे. तो सेवेमुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि बोर्डाला 'संबंध नाही' म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहायची. ट्रायब्युनल आणि न्यायालये तेव्हापासून याच निकालाचा आधार घेत आली आहेत. तरीही सैनिक जिंकला की सरकार वरच्या कोर्टात जाते, आणि माणूस म्हातारा होत राहतो.

रक्कम किती, तेही ऐका. मेसेजमध्ये 'लाखो रुपये' आहे. पूर्ण म्हणजे 100 टक्के अपंगत्वासाठी पेन्शनीतला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या 30 टक्के धरला जातो. अपंगत्व कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी. लढाईत जखमी झालेल्यांसाठी 'वॉर इंज्युरी'ची तरतूद वेगळी आहे आणि तिचा दर याच्या किमान दुप्पट आहे. म्हणजे गोळी लागलेला आणि न लागलेला यांत सरकार फरक करतेच. त्यासाठी मेसेज लिहिणाऱ्याच्या सल्ल्याची गरज नव्हती.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. निवृत्ती जवळ आली की काही जण, त्यांत मोठ्या हुद्द्यावरचेही, बीपी नाहीतर साखर कागदावर आणून टक्केवारी पदरात पाडून घेतात. हे सैन्यातलेच लोक खाजगीत सांगतात, मामाही सांगतो, चिडून सांगतो. सरकारने 21 सप्टेंबर 2023 पासून अपंगत्वाच्या पेन्शनीचे नियम बदलले त्यामागेही हेच कारण पुढे केले गेले. असे करणाऱ्यांना जरूर पकडा. पण सुक्याबरोबर ओले जाळायचा हक्क कुणी दिला? ज्याची बोटे गेली त्याने दुसऱ्याच्या लबाडीची किंमत का मोजायची?

चाळिशीच्या आत निवृत्ती ही जवानाची हौस नाही. सैन्याला तरणी पोरे हवी असतात म्हणून सरकारच त्याला लवकर घरी पाठवते, नेमकी मुलांची शिक्षणे सुरू असताना. आणि 2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी बहुतेक जण चार वर्षांनी परत येतील, पेन्शनशिवाय. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

शस्त्रांचे पैसे पेन्शन खाते, हा हिशेबही अर्धाच आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटी होते, त्यांपैकी पेन्शनीला सुमारे 1.61 लाख कोटी. आकडा मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांचीही पेन्शन येते, आणि अपंगत्वाचा भाग हा त्या सगळ्यातला एक तुकडा.

राहिला पहिला मुद्दा, पगार दिला की संपले. मेसेजच्या शेवटी शिवरायांचे चित्र लावले आहे, म्हणून बखरच काढते. अफझलखानाच्या मोहिमेनंतर महाराजांनी काय केले ते बखरकार सभासदाने लिहून ठेवले आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. मुलगा नसलेल्या विधवांना निमे वेतन चालू केले. जखमींना जखम पाहून 25 पासून 200 होनांपर्यंत दिले. पगार तर त्या लोकांनाही मिळत होता.

हे सगळे मी त्याच ग्रुपवर टाकले. भावाने अजून उत्तर दिलेले नाही. मामाने एकच ओळ लिहिली: त्याच्या तोफेवरच्या एका सोबत्याचाही कागद असाच परत आला आहे, निकालाचे नाव आणि साल त्याला नीट लिहून पाठव.